टेपमधला पूल

पूल बंद झाला त्या सकाळी माझ्या दवाखान्यातल्या बाकावर चिटपाखरू नव्हतं. मी दातांची डॉक्टर. माझे निम्मे पेशंट नदीपलीकडचे, आणि दाढ कितीही ठणकली तरी नदीला लांबचा वळसा घालून येणारा पेशंट विरळा. माणूस गुळण्या करतो, गोळी घेतो आणि ‘उद्या बघू’ म्हणतो.

पूल तारांचा आहे. दोन काठांवर दोन उंच खांब, त्यांच्यावरून गेलेले मांडीएवढे जाड दोर, आणि त्या दोरांना उभ्या तारांनी टांगलेला रस्ता. गेले काही महिने आमच्या बाजूच्या खांबाजवळ जड गाडी गेली की पायांखाली हलल्यासारखं व्हायचं. आधी भाजीवाले बोलू लागले, मग शाळेतल्या मुलांचे आईबाप, मग वर्तमानपत्रं. शेवटी पूल-खात्याने मोजमाप केलं, आणि हलतोय हे खरं निघाल्यावर दोन्ही तोंडांना अडथळे लावून टाकले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत खात्याची इंजिनीअर आमच्या दारात उभी राहिली. पस्तिशीची असेल. डोळ्यांखाली काळं, छातीशी पुठ्ठ्याचं खोकं घट्ट धरलेलं. पेशंट आला या आनंदात मी खुर्चीवरचा दिवासुद्धा लावला.

“दात नाही हो दाखवायचे,” ती ओशाळून म्हणाली. “टेपवाल्या बाई इथंच राहतात ना?”

टेपवाल्या बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी त्यांना ताई म्हणते. घराच्या खालच्या मजल्यावर पुढे माझा दवाखाना, मागे ताईंची खोली, आणि वर आमचा सगळ्यांचा संसार. ताई एका मोठ्या कार्यालयाच्या संगणक विभागात टेपयंत्रांच्या इंजिनीअर होत्या. ती यंत्रं भंगारात निघाली तेव्हा त्यांनी त्यांतली बरीचशी घरी आणली. थोरले भावोजी म्हणायचे, “लोक निवृत्त झाल्यावर कुत्रं पाळतात, हिने टेपयंत्रं पाळलीत. फरक एवढाच, की कुत्रं निदान शेपूट हलवतं.” पण हळूहळू लोकांना कळत गेलं, आणि ज्यांच्या कपाटात जुन्या टेप पडून होत्या ते ताईंचं दार ठोठावू लागले. कुणा वनस्पतींच्या अभ्यासकाचं अर्ध्या आयुष्याचं काम, कुठल्या दवाखान्याचे जुने हृदयाचे आलेख, एका आंधळ्या संगीतकाराच्या रचना, असं काय काय त्या खोलीतून जिवंत होऊन बाहेर गेलंय.

जावाजावांचा उभा दावा म्हणतात. आमचा दावा एकाच गोष्टीवरून. माझी हत्यारं. बारीक चिमटा सापडला नाही की मी सरळ मागच्या खोलीत जायची, आणि तो तिथे हटकून असायचा.

“अहो ताई, हा तोंडात घालायचा आहे!”

“मग उकळून घे. तुझ्याकडे ते यंत्र आहे ना? आणि ओरडू नकोस, दातवाली. टेपला धक्का लागतो.”

तर इंजिनीअरने खोकं ताईंच्या टेबलावर ठेवलं. आत पाच कार्ट्रिज होत्या. एकेक जाडजूड पुस्तकाएवढी, खाली धातूची पाटी, वर धुरकट झालेलं प्लास्टिक, आणि आतमध्ये दोन चाकांवर गुंडाळलेली तपकिरी फीत. ताईंनी हात लावला नाही. नुसत्या वाकून, चष्म्यावर दुसरा चष्मा चढवून बघत राहिल्या.

“कुठे होत्या?”

“तळघरात. पाण्याच्या पाइपाखालच्या फडताळात.”

“वा! याहून वाईट जागा शोधूनही सापडली नसती,” ताई म्हणाल्या. “आता सांग, यात काय आहे आणि कशाला हवंय.”

इंजिनीअरने सांगितलं ते असं. पूल उघडण्याआधी त्याची चाचणी झाली होती. प्रत्येक उभ्या तारेला हातोडीने टोला मारून ती कशी थरथरते ते नोंदवलं होतं. तार ताठ असली तर भराभर थरथरते, सैल पडली तर सावकाश. वाद्याची तार उतरली की सूर उतरतो, तसंच. म्हणजे आजच्या थरथरीशी तेव्हाची ताडून बघितली, तर पुलाचं नेमकं काय आणि कुठे बिघडलंय हे कळेल. ते कळलं नाही तर समितीचा कल पूल पाडण्याकडे आहे, आणि नवा पूल व्हायला कित्येक वर्षं जातील.

“तेव्हाचा अहवाल असेल ना?” मी विचारलं.

“आहे. त्यात तारांबद्दल एकच शब्द आहे. समाधानकारक.”

ताई हसल्या. “आणि टेप वाचायला आधी कुणाला दिल्या होत्या?”

“एका मोठ्या कंपनीला फोटो पाठवले. त्यांनी कळवलं, फार जुन्या आहेत, खात्री देता येणार नाही.”

“खात्री मीही देत नाही. घाई करणार नसशील तर ठेवून जा.”

इंजिनीअर गेली. ताईंनी एक कार्ट्रिज उचलली, कानाशी नेऊन अगदी हळू कलती केली, आणि मला हाक मारली. “दातवाली, तुझा तो डोक्यावरचा भिंगाचा चष्मा आण.”

मला आजवर ताईंच्या कामाबद्दल कौतुक होतं, पण ते लांबून. पूल बंद, बाक रिकामा, म्हणून त्या दिवसांत मी पहिल्यांदा त्यांच्याशेजारी बसून ते काम पाहिलं.

या कार्ट्रिजच्या आत एक रबरी पट्टा असतो, धाग्याएवढा पातळ. तो दोन्ही चाकांवरच्या फितीला बाहेरून चिकटून फिरतो आणि फितीला पुढे-मागे नेतो. नवा असताना हा पट्टा म्हणजे हुशारीची कमाल. म्हातारा झाला की तोच वैरी. एक तर सैल पडतो, नाहीतर तुटतो, नाहीतर फितीला असा चिकटतो की ओढला तर फितीवरचा लेप घेऊनच सुटतो. आणि तो तपकिरी लेप म्हणजेच सगळं. त्याच्याखाली उरतं ते कोरं, पारदर्शक प्लास्टिक.

“म्हणजे हिरडीतून दात सोडवण्यासारखं,” मी म्हटलं.

“तुझं सोपं आहे. तुला दात टाकून द्यायचा असतो.”

चार कार्ट्रिजमधले पट्टे सैल पडलेले किंवा तुटलेले होते. पाचवीतला चिकटलेला. ताईंनी ती पाचवी बाजूला ठेवली, तिच्यावर स्वच्छ कपडा टाकला, आणि पुढे कित्येक दिवस तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आधी सोपी दुखणी, मग अवघड, हा त्यांचा नियम. माझाही तोच आहे.

पण सोपं म्हणावं तेही सोपं नव्हतं. वाचायचं यंत्र काढलं तर त्यातलं कार्ट्रिज फिरवणारं रबराचं चाक वितळून डांबर झालेलं. बोट लावलं की काळी तार निघायची. असं चाक आता कुठेच मिळत नाही. ताई ते हातात घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या, इकडेतिकडे बघितलं, आणि खुर्चीजवळच्या नळीवर त्यांची नजर थांबली. पेशंटच्या तोंडातलं पाणी ओढून घेणारी सिलिकॉनची नळी.

“ताई, नाही.”

“नवी असेल ना कपाटात?”

नवी होती. तिचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कापून आम्ही धातूच्या चाकावर घट्ट चढवला. पण तो अगदी गोल हवा. केसभर जरी वेडावाकडा राहिला तरी फीत लटपटत जाणार. मग ताईंनी चाक यंत्रावर फिरत ठेवलं आणि मी माझ्या दात घासायच्या बारीक चाकाने त्याला वरून हलकेच घासत गेले. ताई मापक लावून बघायच्या आणि ‘अजून’ म्हणायच्या. एवढ्या आयुष्यात मी असंख्य दातांना टोप्या बसवल्या, पण इतकं कडक गिऱ्हाईक मला कधी भेटलं नव्हतं. शेवटी त्या “ठीक” म्हणाल्या. ताईंच्या तोंडचं ‘ठीक’ म्हणजे दुसऱ्यांची शाबासकी.

पहिल्या कार्ट्रिजला त्यांनी नवा पट्टा बसवला. त्याआधी ती फळं वाळवायच्या यंत्रात मंद उबेवर ठेवली होती, कारण ओल लागलेला लेप तसाच फिरवला तर यंत्राला चिकटतो. आणि मग फीत चालू झाली. पडद्यावर नुसती एक थरथरणारी रेघ उमटत गेली.

“हे आकडे आहेत?” मी विचारलं.

“आकडे अजून नाहीत. फितीवर चुंबकाच्या दिशा उलटसुलट होतात, त्यांचा हा कच्चा माग. जुनं यंत्र हे स्वतःच ठरवायचं, हा एक, हा शून्य, आणि शंका आली की गप्प बसायचं. मी त्याला ठरवूच देत नाही. सगळं जसंच्या तसं उतरवून घेते आणि मग निवांत बसून वाचते. फितीला एकदाच त्रास द्यायचा. स्वतःला मात्र हवा तितका.”

दुसऱ्या कार्ट्रिजच्या वेळी मात्र घात झाला. या कार्ट्रिजमध्ये फितीचं टोक चाकाला बांधलेलंच नसतं. टोक जवळ आलं की फितीतल्या बारीक भोकांतून प्रकाश जातो आणि यंत्र थांबतं. दुसऱ्या फितीच्या त्या भोकांवर कसलीशी धूळ बसलेली होती. ताईंनी ती तपासली नव्हती. पहिली सुरळीत गेली म्हणून त्या जरा निर्धास्त झाल्या असतील. यंत्र थांबलं नाही. फीत सपकन चाकावरून सुटली आणि कार्ट्रिजच्या आत चुरगळून गोळा झाली.

ताई हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. थोड्या वेळाने त्यांनी फोन उचलला आणि इंजिनीअरला सांगितलं, “दुसरी टेप माझ्या हातून सुटली. भोकं पुसायची मी विसरले. चूक माझी आहे. काही भाग चुरगळला आहे, किती वाचेल ते सांगता येत नाही. दुसऱ्या कुणाकडे न्यायच्या असतील तर उरलेल्या आजच घेऊन जा.”

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. पण ताईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “म्हणते, तुम्ही लगेच सांगितलंत म्हणून तुमच्याकडेच ठेवते.”

ती फीत आम्ही दोघींनी मिळून सरळ केली. भिंग लावून, माझ्या बोथट हत्यारांनी, एकेक सुरकुती. मला वाटायचं, माझे हात स्थिर आहेत. ताईंचे हात पाहिले आणि समजलं की स्थिरतेलाही पायऱ्या असतात. बोटं हलताना दिसायचीच नाहीत, फक्त सुरकुती नाहीशी झालेली दिसायची. बहुतेक सगळी फीत वाचली. एका ठिकाणी लेपच तडकला होता, तेवढी जागा मुकी राहिली.

चारही टेपचा माग उतरला, एक-शून्यही लागले, पण ते म्हणजे काय हे कळेना. कुठल्या तारेचे आकडे कुठे सुरू होतात, किती आकड्यांचा एक गट, काहीच ठाऊक नाही. तेव्हा इंजिनीअरने त्या चाचणीच्या माणसाला शोधून काढलं. खात्यात त्यांना अजून टोलेकाका म्हणत. पुलाच्या प्रत्येक तारेला स्वतःच्या हाताने टोला मारला होता म्हणून. आता ऐंशी उलटलेले, राहायला नदीपलीकडे. लांबच्या रस्त्याने, वाटेत दोनदा थांबून, टोलेकाका आणि काकू आमच्याकडे आले.

काका खोलीत शिरले ते थेट कार्ट्रिजपाशी गेले. “अरेच्चा! अजून आहेत या?”

“आहेत, आणि बोलताहेतही,” ताई म्हणाल्या. “पण भाषा तुमची आहे. नोंदी घेणारा प्रोग्राम तुम्हीच लिहिला होता ना?”

“मीच. बाजारात तसलं काही मिळतच नव्हतं.”

“मग आकड्यांची मांडणी कुठे लिहून ठेवली होतीत?”

“डोक्यात.” काकांनी टकलावर टिचकी मारली. “फक्त त्या डोक्याचा बॅकअप घ्यायचा राहिला.”

“मी आहे ना,” काकू म्हणाल्या. “लग्न झाल्यापासून यांचा बॅकअप मीच घेतेय. सकाळी चष्मा कुठे ठेवला तेसुद्धा.”

आम्ही सगळे हसलो आणि खोलीतला ताण गेला. ताईंनी काकांना खुर्ची दिली, पडद्यावर आकड्यांचा आलेख काढला. काका बघत राहिले. आधी काही आठवेना. मग ते डोळे मिटून, हवेत हात हलवत, पुलावरून चालू लागल्यासारखे बोलू लागले. आधी प्रवाहाच्या वरच्या अंगाच्या तारा, आपल्या काठाकडून पलीकडे. मग तिकडून परत, खालच्या अंगाच्या. गटाच्या आरंभी तारेचा क्रमांक. मग दोन मापकांचे आकडे, एक मापक तारेवर बांधलेलं, एक खाली रस्त्यावर ठेवलेलं. ताई ऐकत होत्या आणि एकीकडे त्यांची बोटं कळफलकावर चालत होती. बघता बघता पडद्यावरच्या गर्दीला ओळी आल्या, ओळींना क्रमांक आले.

मग ताईंनी विचारलं, “एक शंका आहे. प्रत्येक तारेच्या नोंदीत टोल्याच्या आधी बराच वेळ जवळजवळ काहीच नाही. सपाट रेघ. यंत्र चुकून आधीच सुरू व्हायचं का? कचरा असेल तर काढून टाकता येईल, पण मी काढलेला नाही.”

काकांनी झटकन डोळे उघडले. “काढू नका! तो कचरा नाही. ती शांतता मुद्दाम घेतलेली आहे.”

“कशासाठी?”

“टोला मारला की तार बोलते. पण त्याआधी पूल स्वतःशी काय बोलतो, तेही कळायला हवं ना? वारा असतो. त्या दिवसांत भार म्हणून दगड भरलेल्या गाड्या आम्ही पुलावरून सावकाश फिरवत होतो. साहेब वैतागायचे, काय नुसते उभे राहता म्हणून. मी म्हणायचो, ऐकतोय.”

इंजिनीअर हळूच पुढे आली. “म्हणजे या सपाट रेघेत, भरलेल्या गाड्या जाताना पूल तेव्हा किती हलत होता, ते आहे?”

“रेघ सपाट दिसते कारण टोल्यापुढे ती लहान आहे,” ताई म्हणाल्या. त्यांनी आलेखाचा तेवढाच भाग मोठा केला. सपाट रेघ हळूहळू उसासे टाकू लागली. लांब, संथ लाटा. एक गाडी आली, लाट वाढली. गाडी गेली, ओसरली.

इंजिनीअरने आमच्या बाजूच्या खांबाजवळची आजची मोजमापं काढून शेजारी लावली. दोन्ही लाटा जवळजवळ एकीवर एक बसल्या. उंची तीच, वेळ तोच.

“तिथे पहिल्या दिवसापासून हलतोय,” ती म्हणाली. “तेव्हाही एवढाच हलत होता. हा बिघाड नाहीच.”

“तिथे रस्त्याचा सांधा आहे,” काका म्हणाले. “तिथे थोडा हललाच पाहिजे. न हलणारा पूल मोडतो.”

“मग इतकी वर्षं कुणाला जाणवलं का नाही?” मी विचारलं.

“अगदी परवापरवापर्यंत गाड्या लहान होत्या हो, डॉक्टर. दगड भरलेल्या गाड्या फक्त आमच्याच.”

काकू रुमालाने चष्मा पुसत होत्या. चष्मा काकांचा होता. मी ताईंकडे पाहिलं. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर ती शांतता केव्हाच छाटून टाकली असती. छाटायला कारणही होतं. आकडे आवाक्यात आले असते, काम अर्ध्यावर आलं असतं. एका माणसाने पूर्वी, साहेबांची बोलणी खात, कारण सुचलं म्हणून ती घेतली. आणि एका बाईने आज, कारण माहीत नसताना, ती राहू दिली. आजच्या आधी दोघं एकमेकांना कधी भेटलेली नव्हती.

समितीपुढे एवढं नेलं असतं तर पूल तेव्हाच उघडला असता. इंजिनीअर तशी उठलीही होती. पण ताई म्हणाल्या, “थांब. पलीकडच्या काठाच्या तारा त्या चिकटलेल्या पाचव्या टेपमध्ये आहेत, क्रमाने तीच मधली. त्या अजून वाचलेल्या नाहीत.”

“पण तिकडची काही तक्रार नाही.”

“तक्रार नाही म्हणून दात चांगला असतो का?” ताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. “हिला विचार.”

मी मान हलवली. काही दाढा अजिबात दुखत नाहीत आणि आतून पोखरलेल्या असतात. त्यांचीच मला जास्त भीती वाटते.

पाचव्या कार्ट्रिजवरचा कपडा ताईंनी दुसऱ्या दिवशी काढला. भिंगातून पाहिलं तर पट्टा फितीत रुतलेला. ओढून चालणार नव्हतं, कापूनही नाही. ताईंनी ती कार्ट्रिज मंद उबेत ठेवली, बाहेर काढून थंड केली, पुन्हा उबेत ठेवली. मध्येच एखादं टोक सुटतंय का ते बघायच्या आणि सुटत नसेल तर मुकाट्याने परत ठेवायच्या. इंजिनीअर रोज फोन करायची. समितीची बैठक तोंडावर आली होती. ताई रोज एकच उत्तर द्यायच्या, “अजून नाही.” त्यांना चिडलेलं मी पाहिलं नाही, घाबरलेलंही नाही. फक्त जेवताना त्या गप्प असायच्या, आणि भावोजी त्यांच्या ताटात न विचारता वाढायचे.

एका दुपारी मी पेशंट तपासत होते. अलीकडच्या काठाचाच एक, दाढेला टोपी बसवायला आलेला. मागच्या खोलीतून हाक आली, “ये.” एवढंच. पेशंटच्या तोंडात कापूस ठेवला आणि गेले. पट्टा एका ठिकाणी सुटला होता. ताई केसाएवढी बारीक सपाट पट्टी त्याखाली सरकवत होत्या आणि मला फक्त फीत धरायला हवी होती. किती वेळ गेला कोण जाणे. पट्टा शेवटी सुटला, पण काही ठिकाणी लेपाचे ठिपके घेऊन. फितीवर तेवढ्या खिडक्या पडल्या, आरपार दिसणाऱ्या. ताईंनी लांब श्वास सोडला.

“गेलं ते गेलं. राहिलंय ते बघू.”

“ताई, माझा पेशंट!”

बिचारा तोंड उघडं ठेवून छताकडे बघत पडला होता. पूल वाचतोय असं सांगितल्यावर मात्र त्याने रागावणं सोडून दिलं.

पाचव्या टेपमधून पलीकडच्या काठाच्या बहुतेक तारा मिळाल्या. दोन तारांच्या नोंदी नेमक्या त्या खिडक्यांत गेल्या होत्या. इंजिनीअर आली, यादी बघितली, आणि चाचरत म्हणाली, “या दोघींच्या शेजारच्या तारा आहेत ना. त्यांच्यावरून अंदाज बांधून ही जागा भरता येईल का? समितीला मोकळ्या जागा दिसल्या की शंका येते.”

“येऊ दे,” ताई म्हणाल्या. “अंदाज तू बांध, तुझ्या कागदावर, तुझ्या सहीने. तो तुझा हक्क आहे. माझ्या कागदावर या जागी ‘वाचता आलं नाही’ असंच राहील. एक जागा मी मनाने भरली, तर बाकीच्या भरलेल्या नाहीत हे तू कशावरून मानशील?”

इंजिनीअरने यादीतल्या त्या दोन जागांवर खूण केली. मग म्हणाली, “बरोबर आहे. मी त्या दोन तारा स्वतः जाऊन मोजते. सगळ्याच मोजते.”

आणि तिने मोजल्या. बंद पुलावर, वाऱ्यात, तिच्या माणसांबरोबर, एकेक तार. आकडे आले, जुन्यांशेजारी मांडले. आमच्या काठाच्या तारा तरुणपणी होत्या तशाच. मधल्याही. पलीकडच्या काठाला, प्रवाहाच्या खालच्या अंगाला, जिथे कधी कुणाला काही हललेलं जाणवलं नव्हतं, तिथल्या सलग काही तारांचा सूर साफ उतरलेला होता. वाचता न आलेल्या दोन तारा नेमक्या त्यांच्यातच होत्या.

खात्याच्या माणसांनी तिथली, तारांच्या खालच्या टोकांवरची लोखंडी झाकणं उघडली. बाहेरून रंग धड होता. आत पाणी साठलेलं, आणि तारांचे पदर गंजून एकेक करून सुटलेले. इंजिनीअरने त्याचे फोटो ताईंना दाखवले. ताईंनी ते बघून घेतले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

तारा बदलायला काही महिने लागले. पूल पाडण्याची भाषा मात्र त्याच बैठकीत संपली. इंजिनीअरने समितीला स्वच्छ सांगितलं की आपण चुकीच्या टोकाला घाबरलो होतो, आणि पूल तसाच उघडला असता तर खरं टोक आपल्याला कधी कळलं असतं ते सांगता येत नाही. टोलेकाकांना खास बोलावून घेतलं होतं. अध्यक्षांनी त्यांना विचारलं, मूळ अहवालात तुम्ही एवढंच का लिहिलंत, समाधानकारक? काका म्हणाले, “तो शब्द साहेबांनी घातला. मी टेप घातल्या.”

पूल उघडला त्या सकाळी, आदल्या दिवशी लांबच्या रस्त्याने मुद्दाम आलेले काका आणि काकू आमच्या काठावरून पलीकडे आपल्या घरी चालत गेले. मी आणि ताई निरोप द्यायला गेलो होतो. मधोमध काका थांबले, कठड्याला टेकले, आणि काकू कंटाळून पुढे निघाल्या तरी हलले नाहीत. काकूंनी मागे वळून हाक मारली. काकांनी ओठांवर बोट ठेवलं. मग दोघंही तिथेच उभी राहिली.

ताईंनी वाचलेलं सगळं साध्या मांडणीत, कुणालाही कळेल अशा शब्दांत समजावून, खात्याला दिलं. नव्या मोजमापांसह दोन ठिकाणी ठेवायला लावलं. तळघरात नाही, हे त्यांनी वर अधोरेखित केलं. मला वाटलं, संपलं.

पण पुढच्या रविवारी इंजिनीअर पुन्हा दारात. या वेळी दोन खोकी, आणि चेहऱ्यावर चांगली झोप झाल्याची टवटवी.

“तळघरात आणखी आहेत,” ती म्हणाली. “इतर पुलांच्या. पण मी त्या ठेवून जायला आले नाही. मला शिकायचंय. रविवारी येत जाऊ का?”

ताईंना किती आनंद झाला ते मला कळलं, कारण त्यांनी लगेच तोंड वाकडं केलं. “शिकायचंय म्हणे! पहिली टेप फाडशील, दुसरी चुरगळशील.”

“तुम्ही पण चुरगळलीच होती.”

“म्हणूनच म्हणतेय.” ताईंनी टेबलावर स्वच्छ कपडा अंथरला, दुसरी खुर्ची ओढली, आणि माझ्या कपाटातून कधी नेलं होतं देव जाणे, असं एक नवंकोरं भिंग तिच्यापुढे ठेवलं. “अंगठी काढ. घड्याळ काढ. हात धुऊन, पूर्ण कोरडे करून ये. आणि पहिला तास हात लावायचा नाही, नुसतं बघायचं.”

ती हात धुवायला गेली. ताईंनी खोकं उघडलं, वरची कार्ट्रिज उजेडात धरली आणि तिच्या आत बघत राहिल्या.